साहेबासाठी कर्ज काढणारा माणूस

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावाचा कऱ्हाडहून फोन आला. त्याचा लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय आहे. दुसरा घाणा घ्यायचा आहे, बँक तारण मागते आहे आणि सहा लाख कमी पडतात, असं त्याचं म्हणणं. मी इंग्लंडमध्ये वीस वर्षं राहतोय. म्हणजे गावाकडच्या हिशेबाने मला नाही म्हणायची सोय नाही, आणि इथल्या हप्त्यांच्या हिशेबाने चटकन हो म्हणायचीही सोय नाही. आमच्या घरात तीन आठवडे चर्चा चालली. बायको म्हणाली, व्याज नको पण हिशेब हवा. मुलगी म्हणाली, काकाला पैसे देऊनच टाका. माझं मत रोज बदलत होतं. शेवटी मी एक कागद तयार केला. किती हप्ते, कधीपासून, आणि दर महिन्याला हिशेबाच्या वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. तो कागद वाचून भाऊ चार दिवस बोललाच नाही.

त्या रविवारी डोकं शांत करायला मी नेहमीप्रमाणे ससेक्समधल्या साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर फिरायला गेलो. फर्ल बीकन नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी टिल्टन नावाचं जुनं शेतघर आहे. तिथे जॉन मेनार्ड केन्स राहायचे. त्यांची राख याच टेकड्यांवर विखुरलेली आहे. अर्थशास्त्र शिकलेल्यांना हे नाव पाठ असतं. मी इंजिनीअर, त्यामुळे मला फक्त नाव माहीत होतं. पण इथे राहायला लागल्यावर कुतूहलाने वाचत गेलो आणि लक्षात आलं, की जगातला हा नावाजलेला अर्थतज्ज्ञ आयुष्याच्या शेवटी आपल्या देशासाठी कर्ज मागत परक्याच्या दारात बसला होता. त्या दिवशी टेकडी चढताना मला माझ्या भावापेक्षा केन्स यांचीच आठवण जास्त येत होती.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ चा, केंब्रिजचा. वडील विद्यापीठात शिकवायचे. आई फ्लॉरेन्स समाजकार्यात होत्या आणि पुढे १९३२ मध्ये केंब्रिजच्या महापौर झाल्या. मुलगा हुशार. आधी ईटनची शाळा, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, गणिताची पदवी. १९०६ मध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेत दुसरा नंबर आला आणि त्यांना लंडनच्या इंडिया ऑफिसात जागा मिळाली. तिथलं त्यांचं पहिलं काम काय होतं माहितीये? दहा तरुण आयरशायर वळू बोटीने मुंबईला पाठवण्याची व्यवस्था करणं! आपल्या मुंबईशी त्यांचा पहिला संबंध आला तो असा.

नोकरीत ते दोनच वर्षं टिकले, पण भारताचा विषय सुटला नाही. १९१३ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं, ते भारताच्या चलनावरचं. त्याच वर्षी भारताच्या चलनव्यवस्थेसाठी नेमलेल्या शाही आयोगावरही त्यांना घेतलं, तेव्हा ते तिशीचे होते. गंमत म्हणजे आयुष्यात त्यांनी भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. रुपयाबद्दल सगळं ठाऊक, रुपया कमावणाऱ्या माणसाला मात्र कधी भेटले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते ब्रिटिश अर्थखात्यात दाखल झाले. तिथे त्यांच्याकडे काम आलं मित्रदेशांच्या उसनवारीचं. ब्रिटन एका हाताने अमेरिकेकडून घेत होतं आणि दुसऱ्या हाताने फ्रान्स, इटली, रशियाला देत होतं. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. तोवर न्यूयॉर्कच्या खासगी बँकांकडून पैसे मिळत होते, आता अमेरिकेचं सरकारच कर्ज देऊ लागलं. त्याच वर्षी केन्स पहिल्यांदा वॉशिंग्टनला गेले, लॉर्ड रीडिंग यांच्याबरोबर. तिथे त्यांची ख्याती झाली ती उर्मट माणूस म्हणून. समोरच्याला वाद घालून गप्प करायचं हा त्यांचा स्वभाव. कर्ज मागायला गेलेल्या माणसाला हा स्वभाव परवडत नाही, हे त्यांना उशिरा कळलं. काहींच्या मते कधीच कळलं नाही.

युद्ध संपल्यावर पॅरिसला तहाची परिषद झाली. तिथे जर्मनीकडून न झेपणारी भरपाई मागितली जात होती. केन्स यांचं म्हणणं होतं, की भरपाई झेपेल एवढीच ठेवा आणि मित्रदेशांनी एकमेकांची युद्धकर्जं सरळ रद्द करून टाका, नाहीतर पुढची पिढी हप्ते भरण्यातच एकमेकांचा द्वेष करेल. कोणी ऐकलं नाही. अमेरिका तर सगळ्यांची सावकार. तिने आपलं येणं का सोडावं? १९१९ च्या जूनमध्ये केन्स राजीनामा देऊन परतले आणि टिल्टनच्या शेजारच्या चार्ल्सटन या घरात बसून त्यांनी तहाच्या आर्थिक परिणामांवर पुस्तक लिहून काढलं. त्या पुस्तकाने ते जगभर गाजले.

त्यांचं भाकीत बऱ्याच अंशी खरं ठरलं. ब्रिटनने १९२३ मध्ये अमेरिकेशी तब्बल ६२ वर्षांच्या हप्त्यांचा करार केला. पण मंदी आली, जर्मनीची भरपाई थांबली आणि १९३४ नंतर ब्रिटनचे हप्तेही थांबले. अमेरिकेच्या संसदेने त्याच वर्षी कायदाच केला, की ज्यांनी आमचं कर्ज थकवलं त्या सरकारांना आमच्या बाजारात नवं कर्ज उभारता येणार नाही. कॅलिफोर्नियाचे सिनेटर हायरम जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडे गावात एकदा थकबाकीदार म्हणून नाव लागलं की पतपेढीचं दार बंद होतं, तसाच हा प्रकार.

मधल्या काळात केन्स यांचं आयुष्य मोठं रंगीत होतं. चित्रकार आणि लेखकांच्या कंपूत त्यांची ऊठबस. १९२० मध्ये परकीय चलनाच्या सट्ट्यात ते जवळपास बुडाले होते. तेव्हा वडिलांनी हात दिला आणि अर्नेस्ट कॅसल या धनिकाने ५,००० पौंड उसने दिले. ते त्यांनी फेडले. म्हणजे कर्जदाराची रात्रीची झोप कशी उडते, हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर अनुभवातून माहीत होतं. १९२५ मध्ये त्यांनी लिडिया लोपोकोवा या रशियन बॅले नर्तिकेशी लग्न केलं. १९३६ मध्ये त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ आला, रोजगार, व्याज आणि पैसा यांवरचा. मंदीत सरकारने खर्च वाढवावा, हा विचार आज सगळीकडे ज्यांच्या नावाने चालतो ते हेच. आणि १९३७ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरची नऊ वर्षं ते उसन्या प्रकृतीवरच जगले.

दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटनचं सोनं आणि डॉलर १९४१ पर्यंत संपत आले. जॉन्सनच्या कायद्यामुळे कर्ज उभारता येईना. रूझवेल्ट यांनी वाट काढली. पैसे द्यायचेच नाहीत, माल द्यायचा. शस्त्रं, धान्य, तेल, आणि हिशेब युद्धानंतर. याला लेंड-लीज म्हणतात. विधेयकाला क्रमांक दिला १७७६, म्हणजे अमेरिका ज्या वर्षी इंग्रजांपासून स्वतंत्र झाली तो! प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतांनी ते संमत झालं आणि ११ मार्च १९४१ ला त्यावर सही झाली. पण फुकट काहीच नव्हतं. ब्रिटनकडे खरंच काही उरलेलं नाही, हे अमेरिकी खासदारांना पटावं म्हणून त्याच महिन्यात एका मोठ्या ब्रिटिश कंपनीचा अमेरिकेतला रेयॉनचा धंदा घाईघाईने विकायला लावला. घरातले दागिने मोडल्याशिवाय उसने मिळणार नाहीत, असाच तो संदेश होता.

१९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देशांची परिषद झाली. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथला. तिथे भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्याबरोबर मुंबईचे ए. डी. श्रॉफ आणि षण्मुखम चेट्टीही होते. आणि इथे गोष्टीला वेगळं वळण लागतं. कारण ब्रिटन अमेरिकेचं कर्जदार होतं, तसं ते भारताचंही कर्जदार होतं!

ते कसं? युद्धासाठी ब्रिटिश सरकारने भारतात कापड, धान्य, पोलाद, सैन्याचा सगळा पुरवठा घेतला. पैसे द्यायचे ते लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडात जमा व्हायचे. त्या आकड्याच्या आधारावर इकडे नोटा छापल्या जायच्या. नोटा वाढल्या, माल कमी झाला, महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली, त्यामागच्या कारणांत ही महागाईही होती. युद्ध संपेपर्यंत ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. तिला स्टर्लिंग शिल्लक म्हणतात. देशातल्या गरिबाच्या ताटातलं काढून जमा झालेले हे पैसे होते.

ब्रेटन वुड्सला श्रॉफ यांनी मागणी केली, की निदान यातला काही भाग डॉलरमध्ये वापरता यावा, अशी सोय नव्या संस्थेत करा. अमेरिकेने नकार दिला, ब्रिटननेही नकार दिला. केन्स यांनी सांगितलं, की हा ब्रिटनचा आणि तिच्या धनकोंचा आपसातला मामला आहे आणि ब्रिटन तो सन्मानाने मिटवेल. खासगीत मात्र त्यांची अपेक्षा होती, की भारत आणि इजिप्तसारख्या देशांनी युद्धातला आपला वाटा म्हणून या रकमेचा मोठा भाग सोडून द्यावा.

इथे मला त्यांचा राग येतो. अमेरिकेने आपलं येणं सोडावं, कारण आपण सगळ्यांसाठी लढलो, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. पण भारतानेही सोडावं? ज्या देशात ते कधी गेले नाहीत, त्याने? एवढा मोठा माणूसही कर्ज घेताना एक मापट आणि देताना दुसरं मापट वापरत होता.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि अमेरिकेने आठवड्याभरात लेंड-लीज बंद केलं. समुद्रात असलेल्या मालाचेही आता पैसे मागितले जाणार होते. लंडनमध्ये नुकतंच मजूर पक्षाचं सरकार आलं होतं. केन्स यांनी मंत्रिमंडळाला बजावलं, की अमेरिकेची मदत नसेल तर देशावर आर्थिक नामुष्की ओढवेल. त्यांना मनापासून वाटत होतं, की ५०० कोटी डॉलर मिळतील आणि तेही देणगी म्हणून, निदान बिनव्याजी. मंत्र्यांना त्यांनी तशी आशा दाखवली. हीच त्यांची चूक.

सप्टेंबरमध्ये ते वॉशिंग्टनला पोचले. समोर होते अर्थमंत्री फ्रेड व्हिन्सन, केंटकीचे मुरलेले राजकारणी, आणि टेक्सासचे कापूस व्यापारी विल क्लेटन. केन्स यांनी सलग तीन दिवस ब्रिटनची परिस्थिती मांडली. ऐकणारे थक्क झाले, पण हलले नाहीत. व्हिन्सन पूर्वी स्वतः प्रतिनिधिगृहात होते. त्यांच्या डोळ्यांसमोर केन्स नव्हते, मतदारसंघातले लोक होते. आमचे सैनिक घरी येताहेत, त्यांना घरं नाहीत आणि तुम्ही साहेबाला पैसे देता? हा प्रश्न प्रत्येक खासदाराला विचारला जाणार होता. देणगी गेली, बिनव्याजी गेलं, ५०० कोटीही गेले. तीन महिने घासाघीस चालली. लंडनहून तारा येत, अमुक मान्य करू नका. केन्स यांची छाती दुखायची, लिडिया उशाशी बसायच्या. शेवटी लंडनचा विश्वास इतका उडाला, की त्यांच्या डोक्यावर एक वरिष्ठ अधिकारी पाठवला गेला.

६ डिसेंबर १९४५ ला सह्या झाल्या. ३७५ कोटी डॉलर रोख आणि लेंड-लीजच्या उरलेल्या मालाचे ६५ कोटी, व्याज २ टक्के, ५० वार्षिक हप्ते, पहिला ३१ डिसेंबर १९५१ ला. सगळ्यात जाचक अट म्हणजे कर्ज लागू झाल्यापासून वर्षभरात पौंड डॉलरमध्ये खुला करायचा. आणि भारतासारख्यांच्या शिलकेबद्दल ब्रिटनने सांगितलं, की काही लगेच देऊ, काही हप्त्याने, आणि काही रक्कम वजा करून घेऊ. ज्यांचे पैसे वजा व्हायचे, ते या टेबलावर नव्हतेच.

मग सुरू झाली संसदेची परीक्षा. हाउस ऑफ कॉमन्समध्ये १३ डिसेंबरला ३४५ विरुद्ध ९८ मतांनी मंजुरी मिळाली. चर्चिल यांनी आपल्या पक्षाला तटस्थ राहायला सांगितलं होतं. लॉर्ड्समध्ये मोठा रोष होता. केन्स बोटीने १७ तारखेला साउदॅम्प्टनला उतरले, थेट लॉर्ड्समध्ये जाऊन तासन्‌तास शिव्या ऐकत बसले आणि दुसऱ्या दिवशी उभे राहिले. करार आपल्यालाही आवडलेला नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण अमेरिकी लोक मागच्या हिशेबाकडे बघत नाहीत, पुढच्या व्यवहाराकडे बघतात, आणि नकार दिला तर पर्याय काय, एवढंच त्यांनी समजावलं. ९० विरुद्ध ८ मतांनी करार पार पडला.

अमेरिकेच्या संसदेत तो आणखी सात महिने अडकला. सिनेटर टाफ्ट विरोधात होते. कोणाला समाजवादी सरकारला पैसे द्यायचे नव्हते, कोणाचा पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश धोरणावर राग होता. दरम्यान १९४६ च्या मार्चमध्ये केन्स पुन्हा अमेरिकेला गेले, सव्हानाच्या बैठकीला. तिथून वॉशिंग्टनला परतताना रेल्वेत ते कोसळले. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, टिल्टनच्या घरी त्यांचं निधन झालं. वय ६२. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधल्या प्रार्थनेला त्यांचे म्हातारे आईवडील हजर होते. त्यानंतर आठच दिवसांनी, १० मे रोजी, सिनेटने ४६ विरुद्ध ३४ मतांनी कर्ज मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाने १३ जुलैला २१९ विरुद्ध १५५ मतांनी. तोवर रशियाची भीती वाढली होती, आणि केन्स यांच्या तीन महिन्यांच्या वक्तृत्वाने जे झालं नाही ते त्या भीतीने केलं.

अटीप्रमाणे १५ जुलै १९४७ ला पौंड खुला झाला. ज्याच्या हाती पौंड, तो डॉलर मागायला धावला. पाच आठवड्यांत कर्जाचा बहुतेक पैसा संपला आणि २० ऑगस्टला दार पुन्हा बंद करावं लागलं. याच पाच आठवड्यांत आपला देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी भारत आणि ब्रिटन यांच्यात शिलकेचा तात्पुरता करार झाला. थोडी रक्कम मोकळी, बाकी बंद खात्यात. भारताने रक्कम सोडून द्यायला नकार दिला आणि ती वजा झालीही नाही. पुढच्या वर्षांत आपण ती धान्य आणि यंत्रसामग्रीवर खर्च केली.

पण नशीब पाहा. १९५१ मध्ये भारतात धान्याची टंचाई आली आणि आपल्यालाच अमेरिकेच्या दारात जावं लागलं. अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव देशमुख. २० लाख टन गहू देणगी म्हणून मागितला होता. त्याच संसदेत महिनोन्‌महिने वाद झाला. कोरियाबद्दल नेहरू आमच्या बाजूने का नाहीत, बदल्यात मोनाझाइट खनिज का देत नाहीत, असे प्रश्न आले. शेवटी देणगीचं कर्ज झालं, १९ कोटी डॉलरचं. ब्रेटन वुड्सला धनको म्हणून बसलेल्या देशमुखांना सात वर्षांत ऋणको म्हणून बसावं लागलं.

आणि ब्रिटनचं ते कर्ज? मूळ करारात अडचणीच्या वर्षी व्याज माफ करण्याचं कलम होतं, पण इतकं किचकट की वापरता येईना. सुएझच्या पेचानंतर १९५७ मध्ये ते बदललं आणि सात वेळा हप्ता पुढे ढकलायची मुभा मिळाली. ब्रिटनने सहा वेळा ढकलला. म्हणून २००० साली संपायचं कर्ज २००६ साली संपलं. डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरचा शेवटचा हप्ता गेला. मी तेव्हा इथे नवीन होतो. ऑफिसातल्या टीव्हीवर ती बातमी पाहिल्याचं आठवतंय. तेव्हा वाटलं होतं, सहा दशकं फेडत बसले, काय चिकाटी! त्यामागे एका आजारी माणसाचे तीन महिने आहेत, हे तेव्हा माहीत नव्हतं.

टेकडीवरून उतरेपर्यंत माझा निर्णय झाला होता. ते कर्ज शेवटी फिटलं ते कशामुळे? कडक अटीमुळे नाही. ती कडक अट तर पाच आठवड्यांत मोडली. हप्ता पुढे ढकलायची जी साधी मुभा नंतर दिली, तिच्यामुळे ब्रिटनने कर्ज थकवलं नाही आणि तोंडही लपवलं नाही.

घरी येऊन मी कागद काढला. वहीच्या फोटोची अट खोडली. हप्ते ठेवले, कारण देऊन टाकले असते तर भावाला ते लाचारीचं वाटलं असतं, हे वडिलांनीही फोनवर सांगितलं होतं. आणि खाली एक ओळ वाढवली, की शेंगदाण्याचा भाव चढला किंवा घाणा बंद पडला तर त्या वर्षीचा हप्ता पुढच्या वर्षी, कारण विचारलं जाणार नाही. भावाला कागद पाठवला. रात्री त्याचा फोन आला. पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. वहिनी बरी आहे का, तिकडे थंडी किती, आणि यंदा करडईचं तेल पाठवू का, एवढंच विचारलं.